पुडीनं पीएसए उतरला म्हणे!

आबांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हाच तो कमरेच्या हाडांत पोचला होता. डॉक्टर म्हणाले, "आता उपचार पॅलिएटिव्ह." आम्ही समजलो, यांनी हात टेकले. त्याच आठवड्यात एका पाहुण्यानं 'वैद्य' घरी आणला. आपल्यातल्याच माणसानं आणलेला, मग शंका कोण घेतो?

कॅन्सर वाढवणारं हार्मोन दाबणारं, तीन महिने चालणारं इंजेक्शन आबांना नुकतंच दिलं होतं. त्यावर याच्या राखाडी पुड्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत पीएसए (या कॅन्सरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 96 वरून 4 वर आला. वैद्यानं लगेच रिपोर्टचा फोटो काढून घेतला. आम्ही तर पायाच पडलो. पीएसए इंजेक्शननं उतरला होता, पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येतंय! आबांना भूक लागायला लागली, चेहरा भरला. "बघा, तेज आलं." पुढं साखर 300 च्या वर निघाली, तेव्हा डॉक्टरांनी पुडीत स्टेरॉइड असल्याची शंका बोलून दाखवली; भूक आणि भरलेला चेहराही त्याचाच असावा.

मग वैद्यानं फर्मान काढलं, दुसरं इंजेक्शन घ्यायचं नाही, दोन औषधं एकमेकांशी भांडतात. आम्ही ऐकलं.

थोड्या महिन्यांनी आबांना एकाचे दोन दिसायला लागले. उजवा डोळा पुढं आला, पापणी पुरती मिटेना. फोनवर वैद्याचं उत्तर, "विष वरच्या वाटेनं निघतंय, थांबा." पाच आठवडे थांबलो. एमआरआयमध्ये डोळ्याच्या खोबणीच्या हाडात गाठ दिसली. हा कॅन्सर तिथं क्वचितच जातो म्हणे. दहा दिवस रेडिएशन झालं, मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या (व्यसन लागेल म्हणून आम्ही उगाच घाबरलो, खरा त्रास झाला बद्धकोष्ठाचा, त्यावरही औषध मिळालं). ठणका थांबला, आबा रात्रभर झोपले. पॅलिएटिव्ह म्हणजे हे होतं, त्रास कमी करणं. त्या डोळ्याची नजर मात्र परत आली नाही.

पुड्यांवर 84 हजार गेले, सगळे रोख. पावती मागितली तर म्हणाला, "श्रद्धा कमी पडते तुमची." कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. पण याची जाहिरात तोंडी, म्हणजे हातात पुरावा नाही, आणि पुडीवर ना नाव, ना पत्ता. उरलेल्या चार पुड्या मी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात देऊन आलो.

गेल्या महिन्यात फलटणहून एका अनोळखी बाईंचा फोन आला. वैद्यानं त्यांना आबांचा रिपोर्ट दाखवला होता. "तुमच्या वडिलांना गुण आला ना?" मी आधी विचारलं, "ताई, इंजेक्शन चालू आहे ना?"