फिफा इलेव्हन प्लस: फुकटचा वॉर्मअप, पण पोरांच्या गळी उतरवायचा कसा?

मी कोल्हापुरात पेठेतल्या एका फुटबॉल संघाचा सराव घेतो. दिवसा शिरोलीच्या एमआयडीसीत ड्युटी, संध्याकाळी मैदान. पोरं नोकरी नाहीतर कॉलेज सांभाळून खेळणारी, त्यामुळं संघाला स्वतःचा फिजिओ ही चैन नाही. अशा संघासाठी फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ हा दुखापती टाळण्यासाठीचा वॉर्मअप कितपत कामाचा, एवढंच इथं लिहितोय. पैसे लागत नाहीत, पुस्तिका आणि पोस्टर इंटरनेटवर मिळतं.

पण आधी आमच्या पोरांच्या डोक्यात दुखापत म्हणजे काय, ते सांगायला हवं. समोरच्यानं टॅकल घालून पाडलं, घोट्यावर स्टड बसला, तर ती दुखापत. तिच्यासाठी पंचाच्या नावानं शंख होतो, पुढच्या मॅचला हिशेब चुकता करायची भाषा होते. आणि मोकळ्या मैदानात, कुणाचं बोटही लागलेलं नसताना, पळता पळता पोरगं मांडीची मागची बाजू धरून थांबलं तर? ते नुसतं ‘आखडलं’. “काय नाही ओ दादा, जरा धरलंय. स्प्रे मारा, जातो आत.” स्प्रेनं कातडी गार पडते, कळ थोडा वेळ दबते, आणि ताणलेल्या स्नायूवर पोरगं पुन्हा स्प्रिंट मारतं. लपवण्यामागं कारणही आहे. शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ बघायला बसलेली असते, आणि एकदा जागा गेली की तिथं दुसरा रुजतो. पोरं दुखण्याला भीत नाहीत, बाकावर बसायला भितात.

इलेव्हन प्लस आहे तो मुख्यतः या ‘आखडलं’वाल्या प्रकारासाठी. फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्रानं ओस्लो आणि सांता मोनिकाच्या संशोधकांना सोबत घेऊन २००६ मध्ये तो तयार केला. एकूण १५ व्यायाम, वेळ साधारण २० मिनिटं. सुरुवातीला ८ मिनिटं हलकं पळणं, त्यात जोडीदाराभोवती फेरी आणि उडी मारून खांद्याला खांदा देणं. मग १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या. शेवटी २ मिनिटं वेगानं पळणं आणि झटक्यात दिशा बदलणं. पळण्यासाठी कोनच्या (खुणेसाठी ठेवतात त्या प्लॅस्टिकच्या शंकूंच्या) सहा जोड्या समोरासमोर लावायच्या, मध्ये ५-६ मीटर अंतर. कोन नसतील तर चपला ठेवा, काही बिघडत नाही.

खरा माल मधल्या १० मिनिटांत आहे. तिथल्या प्रत्येक व्यायामाला सोपी, मधली आणि अवघड अशा तीन पायऱ्या आहेत. पोरं थेट तिसरीवर उडी घेतात, तिथं आवरावं लागतं.

त्यातला हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचा, व्यायाम बघण्यासारखा आहे. गुडघ्यावर उभं राहायचं, जोडीदारानं मागून दोन्ही घोटे दाबून धरायचे, आणि डोक्यापासून गुडघ्यापर्यंत अंग सरळ ठेवून हळूहळू पुढं झुकायचं. त्या स्नायूनं जमेल तेवढं स्वतःला रोखायचं, मग हातावर पडायचं. पहिल्या पायरीला ३ ते ५ वेळा, बस्स. ऐकायला पोरखेळ वाटतो. आमचा एक दणकट स्टॉपर पहिल्या खेपेला निम्म्यातच तोंडावर आला आणि जोडीदारालाच म्हणाला, “तूच सोडलास.” दुसऱ्या दिवशी जिना उतरताना सगळ्यांच्या मांड्या बोलत होत्या. दुखतंय म्हणून पोरं इथंच हा व्यायाम टाकतात. नेट लावून, थोड्या थोड्या संख्येनं चालू ठेवला की हे अंगदुखीचं प्रकरण ओसरतं.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे गुडघा. उडी मारून खाली येताना किंवा वळताना गुडघा आत कोसळला की लिगामेंट (सांध्यातली हाडं बांधून ठेवणारा पट्टा) धोक्यात. पुस्तिकेत बरोबर आणि चूक अशी चित्रं शेजारी शेजारी दिलीत, ती मोबाईलवर दाखवली की दहा वाक्यं वाचतात. एका पायावर उभं राहून एकमेकांचा तोल घालवायचा भाग मात्र पोरांना लई आवडतो. तिथं ढकलाढकली करायची परवानगीच असते ना!

याचा उपयोग होतो हे कशावरून? नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर एका हंगामात तपासून पाहिलं, निकाल २००८ मध्ये छापून आले. वॉर्मअप करणाऱ्या गटात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी होत्या, गंभीर दुखापती तर जवळपास निम्म्या. आकडे ऐकून पोरं म्हणाली, “त्या मुली, आपलं वेगळं.” मग मी युरोपातल्या बड्या पुरुष क्लबांची गोष्ट काढली. तिथं २००१-०२ मध्ये एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्के होता, २०२१-२२ पर्यंत तो २४ टक्क्यांवर गेला. एवढे फिजिओ हाताशी असून ही गत, तर आपण कोण टिकोजीराव? हे मात्र लागलं त्यांना.

आता खटकणाऱ्या गोष्टी. व्यायाम एकसुरी आहेत. महिनाभरात पोरं तोंडं वाकडी करतात आणि “बॉल कधी?” सुरू होतं. गांधी मैदानासारख्या टणक जमिनीवर हॅमस्ट्रिंगचा व्यायाम उघड्या गुडघ्यांनी करणं जिवावर येतं. खाली जुनं पोतं दुमडून घ्या. मला मिळालेली पुस्तिका इंग्रजीत, त्यामुळं कॅप्टनच्या हातात नुसती देऊन भागत नाही, एकदा कुणीतरी उभं राहून दाखवावंच लागतं. आठवड्यातून किमान दोनदा करा असं सांगितलंय, आणि फायदाही नियमितपणे करणाऱ्यांनाच जास्त दिसला. आमच्याकडं मॅचच्या आठवड्यात नेमकी यावरच कात्री चालते. संघांची नावं पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. पण बॉल दिसला की जोर-बैठकांची शिस्त कुठं जाते कोण जाणे.

आणि टॅकलनं होणारी मोडतोड यानं थांबत नाही. नडगीचं हाड शिनगार्डच वाचवणार, आणि तेही सॉक्सच्या आत पुरतं बसणारं. हल्ली काडेपेटीएवढं शिनगार्ड घालायची जी फॅशन निघालीय, तिच्यावर वेगळं लिहावं लागेल. ज्याचा स्नायू आधीच फाटलाय त्यानंही हा इलाज समजू नये. त्यानं डॉक्टर गाठावा. एकदा मांडी गेलेल्या खेळाडूची ती पुन्हा जाण्याची शक्यता जास्त असते, म्हणून “आता दुखत नाही” एवढ्यावर आत सोडू नका.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण कंटाळ्याचा कापला. १३ वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी ‘इलेव्हन प्लस किड्स’ वेगळा आहे, लहानग्यांना तो द्या. मॅचच्या दिवशी मधला भाग गाळून फक्त पळण्याचे दोन भाग करायचे असतात. आमची पोरं ही एक सूचना न सांगता पाळतात.