सारंगखेड्यातील अश्वचित्रप्रदर्शन : नेपल्सच्या घोड्याचा विभाग

सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत घोडेबाजाराच्या कडेला काही हौशी अश्वपालकांनी तंबूत लहानसे चित्रप्रदर्शन भरवले आहे. त्यातील इटलीच्या नेपोलिटन घोड्याचा विभाग तिकिटाचे पैसे वसूल करणारा आहे, पण त्याचा शेवटचा फलक फारच उरकून टाकलेला आहे.

बाकदार नाक, कमानदार मान आणि गुडघा उंच उचलून टाकलेले पाऊल ही या घोड्याची लक्षणे जुन्या चित्रांच्या प्रतींवरून नीट ध्यानात येतात. सोळाव्या शतकात नेपल्सवर स्पेनची सत्ता होती आणि तेथील पैदाशीत स्पॅनिश रक्त मिसळले गेले. त्याच शहरातील फेदेरिको ग्रिसोने याचा अश्वारोहणावरील ग्रंथ १५५० मध्ये छापला गेला आणि दरबारी घोडेस्वारी शिकण्यासाठी युरोपातील सरदार नेपल्सला येऊ लागले, हा भाग आयोजकांनी मन लावून मांडला आहे. १७६७ मध्ये जन्मलेला काळा कॉन्व्हर्सानो आणि १७९० चा नेपोलिटानो या दोन नरांपासून चाललेले वंश ऑस्ट्रियाच्या शाही पागेतील लिपिझानर जातीत आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात, हे वंशवृक्षातून दाखवण्याची कल्पना तर उत्तमच.

या घोड्याच्या ऱ्हासाच्या शेवटच्या फलकावर मात्र ‘मोटारी आल्या आणि घोडा मागे पडला’ एवढेच लिहिले आहे, आणि ते पटणारे नाही. मोटारींच्या कितीतरी आधी भारदस्त दरबारी चालीची मागणी ओसरली होती; शर्यत, शिकार आणि हलके घोडदळ यांसाठी थरोब्रेड (इंग्लंडची शर्यतीची जात) व अरबी रक्ताचे चपळ घोडे हवेसे झाले, त्यांच्याशी संकर होत गेला आणि मूळ ठेवण विरत गेली. नेपोलिटन रक्ताचाही वारसा असलेल्या दक्षिण इटलीतील पेर्सानो जातीचा शाही पैदासखाना १८७४ मध्ये मोडीत निघाला, त्याचा तर उल्लेखच नाही. तंबूबाहेर गिऱ्हाइके नुकऱ्याची (पांढऱ्या घोड्याची) उंची, अंगावरच्या केसांचे भोवरे आणि नाच पाहत होती, मजल किती मारतो हे क्वचितच कोणी विचारत होते. गिऱ्हाइकाच्या आवडीने जात कशी बदलते, हे समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण आयोजकांना कुठे मिळणार होते?

माहिती देणारा तरुण म्हाताऱ्या शेतकऱ्यांशी अहिराणीत बोलत होता, त्यामुळे फलकांवरील बारीक अक्षरांची अडचण बरीच कमी झाली. दुपारनंतर तंबूत उभे राहायलाही जागा उरत नाही, तेव्हा सकाळीच जावे.