अरबीचा कोर्स निवडताना मी काय विचारायला विसरले: अम्मानमधले नऊ महिने

आधीच सांगते, पहिल्या सत्रात घेतलेला कोर्स वाईट नव्हता. मीच तो चुकीच्या कारणांसाठी निवडला. मास्टर्सचं दुसरं वर्ष अरबी भाषक देशात काढायचं होतं. २०११ पर्यंत अशा विद्यार्थ्यांचा ओढा सीरियातल्या दमास्कसकडे असायचा. युद्धानंतर तो मार्ग बंद झाला, म्हणून मी जॉर्डनमधलं अम्मान निवडलं. आठवड्याला तास किती, वर्गात डोकी किती, माझं विद्यापीठ क्रेडिट देईल का, एवढंच पाहिलं. वीस तास, अकरा जण, क्रेडिट पूर्ण. पैसे भरून मोकळी झाले. कोणती अरबी शिकवणार, हे विचारायचं सुचलंच नाही.

पुस्तकं, वर्तमानपत्रं, बातम्या, भाषणं हे सगळं फुसहात, म्हणजे प्रमाण अरबीत, चालतं. घरात, टॅक्सीत, दुकानात चालते ती आम्मिया, म्हणजे बोली अरबी, आणि ती देशागणिक बदलते. 'मला हवंय' याला फुसहात 'उरीदु', अम्मानमध्ये 'बिद्दी', कैरोत पुरुष असेल तर 'आयेझ', मोरोक्कोत 'ब्घीत'. 'आत्ता' म्हणायचं तर त्याच क्रमाने 'अल्-आन', 'हल्ला', 'दिलवअ्ती' आणि 'दाबा'. प्रमाण मराठी आणि बोलीतला फरक डोळ्यांसमोर आणू नका. प्रमाण मराठी घरात बोलणारी माणसं तरी सापडतात. फुसहा घरी कुणीच बोलत नाही, ती शाळेत शिकावी लागते. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये अशा दुपेडी परिस्थितीवर लेख लिहिला, तेव्हा त्याच्या चार उदाहरणांतलं एक अरबीचंच होतं. हे मला पहिलं सत्र अर्धं संपल्यावर कळलं.

मला फसवलं ते शाळेतल्या संस्कृतने. अरबीत द्विवचन आहे: एक किताब, दोन किताबान, अनेक कुतुब. विभक्ती तीनच, म्हणजे आठांची सवय असलेल्याला सुट्टीच. शिवाय प्रत्येक शब्दामागे बहुधा तीन व्यंजनांचा धातू. क-त-ब वरून किताब, कातिब म्हणजे लिहिणारा, मकतब म्हणजे कचेरी, मकतबा म्हणजे ग्रंथालय. आमच्या जर्मन वर्गमित्राला हे बघून घाम फुटायचा आणि मी 'देवः देवौ देवाः'च्या तालात पाठ करत सुटले. प्रवेश चाचणी पूर्ण लेखी होती. त्यात चांगले गुण पडले आणि संस्थेने मला थेट तिसऱ्या पातळीवर बसवलं. बोलून कुणी पाहिलंच नाही.

सहा आठवड्यांनी 'सर्वीस'मध्ये, म्हणजे ठरलेल्या मार्गावर धावणाऱ्या सामायिक टॅक्सीत, मी चालकाला म्हटलं, 'उरीदु अन् अन्झिला हुना.' व्याकरण बिनचूक होतं. चालकाने आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, जणू कुणी 'महोदय, मी या स्थळी उतरू इच्छिते' म्हणालं असावं. शेजारच्या बाईंनी हसू दाबत 'अल्-यमीन, लौ समहत' म्हटलं, 'उजवीकडे घ्या जरा', आणि गाडी थांबली. नंतर त्या माझ्याशी जे काही प्रेमाने बोलल्या, त्यातला एक शब्दही मला समजला नाही.

दुसऱ्या सत्रात संस्था बदलली. इथे आठवड्याला बारा तास फुसहा, सहा तास आम्मिया, वर्गात सहा जण, आणि शिक्षिका पहिल्या दिवसापासून इंग्रजीला हात लावत नसत. पहिल्या संस्थेत नेमकं उलटं होतं, कुणी अडलं की अख्खा वर्ग इंग्रजीवर घसरायचा. नव्या कोर्सची खोटही सांगते. आम्मियाच्या तासांना माझ्या विद्यापीठाने क्रेडिट दिलं नाही, आणि ते मी आधी पत्र पाठवून विचारायला हवं होतं. आम्मियाचं ठरलेलं शुद्धलेखनही नाही, त्यामुळे वाटलेल्या झेरॉक्समध्ये एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला. उच्चारांचा वेगळाच गोंधळ. 'तो म्हणाला' हे फुसहात 'क़ाल', शहरात अनेकांच्या तोंडी 'आल', काहींच्या तोंडी 'गाल'. बाईंनी मला 'आल' सुचवलं, वर्गातल्या एका मुलाने हट्टाने 'गाल' उचललं. दोघांचंही निभावलं.

मराठी माणसाला अरबीत भेटणारे ओळखीचे चेहरे हा या कोर्सचा न छापलेला फायदा. कबूल, मुकाबला, हजर, मजकूर, मुक्काम हे सगळे तिकडचेच. व्याकरणाला अरबीत 'क़वाइद' म्हणतात; आपली कवायत त्यातूनच आली, आणि वर्गात बसल्यावर ते पटतंही. पण हे चेहरे दगा देतात. 'मुक़ाबला' म्हणजे तिथे मुलाखत. 'हरकत' म्हणजे मुळात हालचाल, आणि लिपीत ऱ्हस्व स्वर दाखवणारी खूण. पाठ्यपुस्तकात सुरुवातीला या खुणा असतात, वर्तमानपत्रात जवळजवळ नसतातच. पहिल्यांदा हाती वर्तमानपत्र आलं तेव्हा मी खरोखर म्हणाले, 'इथे काही हरकत नाही!' बाईंना विनोद समजावून सांगताना माझा पाऊण तास गेला, आणि सत्रातला तोच माझा सर्वांत चांगला बोलण्याचा सराव होता.

शब्दकोश लवकर घ्या. हान्स वेरचा प्रसिद्ध कोश धातूंच्या क्रमाने लावलेला आहे. 'इस्तिक़बाल' म्हणजे स्वागत हा शब्द शोधायचा तर आधी त्यातला क़-ब-ल ओळखावा लागतो. पहिला महिना चीड येते. मग त्याच धातूखाली क़बूल आणि मुक़ाबलाही भेटतात आणि चीड जाते. फोनवरच्या अ‍ॅपने मला अक्षरं शिकवली, त्यापुढे काही नाही. भाषा-देवाणघेवाणीच्या भेटींत समोरच्याला इंग्रजीच हवी असते.

गतीबद्दल भ्रम नको. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला अरबीत कामापुरतं प्रभुत्व यायला साधारण २२०० वर्गतास धरते. माझं पहिलं सत्र चौदा आठवड्यांचं, म्हणजे २८० तास, त्याचा जेमतेम आठवा हिस्सा. संस्थेच्या पत्रकात मात्र 'एका सत्रात अस्खलित' असं छापलं होतं. दुसऱ्या सत्रात रमज़ान आला तेव्हा रोजचे तास आखूड झाले, ते भरून निघाले नाहीत. वेळापत्रक बघताना हे धरा.

आता कुणी विचारलं तर मी एक फुकट तास मागायला सांगते, आणि त्या तासात पुस्तक मिटून शिक्षकाशी पाच मिनिटं बोलायला. पातळी ठरवणारी चाचणी तोंडी आहे का, आम्मिया कुठल्या शहराची, आणि ते तास क्रेडिटमध्ये धरतात का, हे पैसे भरण्याआधी विचारा. पीएचडीसाठी जुनी कागदपत्रंच वाचायची असतील तर फक्त फुसहा शिकवणारा माझा पहिला कोर्स तुम्हाला शोभेल, खुशाल घ्या.

पहिल्या पानावरची बातमी वाचायला मला अजून अर्धा तास लागतो. सर्वीसमधून मात्र हव्या त्या ठिकाणी उतरते, आणि शेजारी बसलेल्या बाई काय म्हणाल्या ते निम्म्याहून जास्त कळतं.