‘फ्लँज तपासला, मर्यादेत’: जुनं विमान घेताना फसवणारी ओळ

अमेरिकेत सेकंडहँड सेसना १७२एम हे छोटं विमान घेणारा फसतो तो बऱ्याचदा लॉगबुकातल्या एका ओळीवर. ‘प्रॉपेलर बदलला. क्रँकशाफ्टचा फ्लँज डायल इंडिकेटरने तपासला, मर्यादेत.’ खाली मेकॅनिकची सही. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा फिरता मुख्य दांडा, आणि फ्लँज म्हणजे त्याच्या पुढच्या टोकाची चकती, जिच्यावर प्रॉपेलर बसतो. ओळ खोटी नाही, हीच तिची गोम. प्रॉपेलर का बदलला, ते कुठेच नाही. पातं जमिनीला लागलं होतं ही गोष्ट विकणारा गिळून टाकतो आणि इंजिन पूर्ण भावात गळ्यात मारतो.

डायल इंडिकेटर हे वाकडेपणा मोजणारं घड्याळी माप. ते एवढंच सांगतं, की फ्लँज वाकलेला नाही. बारीक चीर त्याला दिसत नाही. आणि धक्का पुढे थांबत नाही, शाफ्टमधून मागच्या टोकाला पोचतो. तिथला गिअर एक बोल्ट आणि त्याला जागेवर धरणाऱ्या एका छोट्या डॉवेल पिनच्या भरवशावर असतो. व्हॉल्व्ह चालवणारा कॅमशाफ्ट, ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो, ऑइल पंप, सगळं त्यावर फिरतं. पिन कातरली गेली की दोन मॅग्नेटो असून काडीचा उपयोग नाही. इंजिन हवेतच बंद.

म्हणून पातं असं लागलं, की एफएएचा (अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेचा) एडी, म्हणजे सक्तीचा सुरक्षा-आदेश, क्रमांक २००४-१०-१४ पाळावा लागतो. लायकॉमिंग कंपनीच्या बहुतेक डायरेक्ट-ड्राइव्ह इंजिनांना, म्हणजे प्रॉपेलर थेट क्रँकशाफ्टवर असलेल्या इंजिनांना, तो लागू आहे. १७२एममधलं ओ-३२०-ई२डी त्यातलंच. गिअर आणि डॉवेल तपासायची, बोल्ट आणि लॉकप्लेट नवीनच घालायची. ५/१६ इंची बोल्ट आधी १२५ इंच-पाउंडांवर आवळतात, मग पितळी ड्रिफ्टने, म्हणजे ठोकायच्या दांडीने, गिअरवर हलके ठोके देतात. आवाज टणक आला पाहिजे, भद्द नको. मग बोल्ट २०४ इंच-पाउंडांपर्यंत आवळतात. शेवटी गिअर आणि शाफ्टमध्ये ०.००१ इंची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) शिरता कामा नये.

कंपनीचं स्वतःचं सूचनापत्रक, सर्व्हिस बुलेटिन ५३३, याच्या पुढे जातं: इंजिन पूर्ण खोलून तपासा. पण खासगी वापराच्या विमानाला बुलेटिनची कायद्याने सक्ती नाही. त्यामुळे ‘एडी पूर्ण’ हे खरं असूनही क्रँककेस, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीचं इंजिनाचं कवच, कधी उघडलेलीच नसते.

एडी तरी खरंच झाला का, हे घरबसल्या कळतं. गिअरपर्यंत जायला मागचं अ‍ॅक्सेसरी हाउसिंग (इंजिनाचं मागचं झाकण) काढावं लागतं, त्याआधी मॅग्नेटो. म्हणजे मॅग्नेटो परत बसवून २५ अंशांवर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ जुळवणं, केल्याची नोंद हवी, गॅस्केट, बोल्ट, लॉकप्लेटचं बिल हवं. टायमिंगचा पत्ताच नसेल, तर मेकॅनिकने हाउसिंगच्या आरपार बघितलं असणार! इंजिन खोलल्याचा दावा असेल तर क्रँकशाफ्टचा यलो टॅग (तपासून वापरायोग्य ठरवल्याची चिठ्ठी) मागा आणि त्यावरचा नंबर शाफ्टवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा.

‘इंजिन बंद होतं, हँगरमध्ये पातं लागलं, ते धरत नाहीत’ असंही ऐकवतील. पात्याला किरकोळ घासकामापलीकडची दुरुस्ती लागली असेल, तर इंजिन बंद असतानाचा धक्काही त्या एडीत धरलेला आहे.