धरमपेठेतील वैमानिक करिअर कार्यशाळा : पहिला दिवस ऐकावा असा, दुसरा तपासून घ्यावा असा

बारावी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी नागपूरच्या धरमपेठेत, वेस्ट हायकोर्ट रोडवरील एका मार्गदर्शन केंद्रात शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची वैमानिक करिअर कार्यशाळा भरते. शुल्क विद्यार्थ्यामागे पाच हजार रुपये असून त्यात एका पालकाचा प्रवेश, छापील पुस्तिका आणि दुपारचे जेवण येते. पुतणीला वैमानिक व्हायचे आहे, म्हणून तिच्यासोबत मी दोन्ही दिवस बसलो. केंद्राचे नाव येथे देत नाही. अशा कार्यशाळा आता अनेक ठिकाणी निघाल्या आहेत आणि पुढील मुद्दे त्यांपैकी कोणतीही निवडताना उपयोगी पडावेत. माझी वकिली सेवाविषयक प्रकरणांची असल्याने माझे लक्ष जिकडे गेले तिकडे सर्वसामान्य पालकाचे जाईलच असे नाही, हेही आधीच सांगतो.

सभागृह स्वच्छ आहे, आवाजाची व्यवस्था चांगली आहे, गाडी लावायला मात्र जागा नाही. जेवण साधे आणि वेळेवर.

पहिल्या दिवशी एका निवृत्त कॅप्टनांचे सत्र होते आणि शुल्काचे पैसे खऱ्या अर्थाने तेथेच वसूल होतात. प्रश्नोत्तरांच्या सुरुवातीलाच मागच्या रांगेतून एका पालकांनी विचारले, "सर, सुरुवातीला पगार किती भेटते?" कॅप्टनांनी आकडा सांगितला, पण लगेच म्हणाले की पगाराआधी सेवाज्येष्ठतेचा क्रमांक विचारत चला. विमान कंपनीत वैमानिक ज्या दिवशी रुजू होतो त्या दिवशी त्याला यादीत एक क्रमांक मिळतो, आणि कमांड (म्हणजे कॅप्टनपद) केव्हा मिळणार, लहान विमानावरून मोठ्या विमानावर केव्हा जाता येणार, कोणत्या शहरात राहावे लागणार, दिवाळीत रजा कोणाला मिळणार आणि मंदीत आधी घरी कोणाला बसवणार, यांतील बरेच काही त्या क्रमांकाभोवती फिरते. वरचा माणूस निवृत्त झाला की खालचे सगळे एक पायरी चढतात. नोकरी बदलली तर मात्र क्रमांक बरोबर येत नाही. पंधरा वर्षे उडवलेला वैमानिकही नव्या कंपनीच्या यादीत साधारणपणे तळाशीच लागतो. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज बंद पडली तेव्हा तिच्या वैमानिकांचे उड्डाणाचे तास शाबूत होते, क्रमांक मात्र राहिले नाहीत, हे उदाहरण त्यांनी दिले आणि सभागृहात प्रथमच शांतता पसरली.

दोन कंपन्या एक झाल्या तर दोन याद्यांची एक यादी कशी करायची, हे समजावण्यासाठी त्यांनी दहा मुलांच्या हाती चिठ्ठ्या दिल्या. सहा पांढऱ्या चिठ्ठ्या जुन्या कंपनीच्या, रुजू होण्याची वर्षे १९९६ ते २०१०, त्यांतील वरचे तिघे कॅप्टन आणि खालचे तिघे सहवैमानिक. चार पिवळ्या चिठ्ठ्या झपाट्याने वाढलेल्या नव्या कंपनीच्या, वर्षे २०१३ ते २०१८, त्यांतील दोघे कॅप्टन आणि दोघे सहवैमानिक. प्रथम रुजू होण्याच्या तारखेप्रमाणे रांग लावली. पांढरे सगळे पुढे गेले आणि आदल्या दिवसापर्यंत आपल्या कंपनीत पहिला असलेला पिवळा कॅप्टन सातव्या क्रमांकावर, तीन सहवैमानिकांच्याही मागे उभा राहिला. मग हुद्दा आणि प्रमाण धरून रांग लावली: कॅप्टनांमध्ये एक पांढरा, एक पिवळा, आणि सहवैमानिकांमध्येही तसेच. पुतणीच्या हातात २०१० ची पांढरी चिठ्ठी होती. पहिल्या रांगेत ती सहावी होती. दुसऱ्या रांगेत दहावी झाली आणि २०१८ साली रुजू झालेला मुलगा तिच्या पुढे जाऊन उभा राहिला. "पण मी आठ वर्षं आधी आले ना!" असे ती अगदी मनापासून ओरडली. कॅप्टन म्हणाले, या एका वाक्यावर अमेरिकेत वर्षानुवर्षे खटले चालले आहेत.

ते खटले त्यांनी सविस्तर सांगितले. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही कंपनी घेतली तेव्हा टीडब्ल्यूएच्या निम्म्याहून अधिक वैमानिकांना एकत्रित यादीच्या थेट तळाशी जोडण्यात आले, आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरनंतर कपात सुरू झाली तेव्हा तळाशी असण्याचा अर्थ त्यांना कळला. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एकत्र आल्या. २००७ मध्ये लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी एकत्रित यादीचा निवाडा दिला, परंतु तो यूएस एअरवेजच्या जुन्या वैमानिकांना मान्य झाला नाही. त्यांच्या पुढाकाराने जुनी संघटना बाजूला सारून नवी उभी राहिली आणि एकाच नावाच्या कंपनीत दोन गट वेगवेगळ्या याद्यांवर कित्येक वर्षे उडत राहिले. टीडब्ल्यूएच्या अनुभवानंतर २००७ च्या अखेरीस तेथे मॅकॅस्किल-बॉन्ड कायदा झाला, ज्यानुसार याद्यांचे एकत्रीकरण न्याय्य आणि समतोल पद्धतीने, आधी वाटाघाटीने आणि ते न जमल्यास लवादामार्फत करावे लागते.

भारताचा भाग त्यांनी तितक्याच निर्भीडपणे मांडला. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण कागदावर झाले, पण वेतन, बढती आणि प्रशिक्षण यांचा मेळ बसला नाही. २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक वेतनातील समानतेसाठी दहा दिवस संपावर गेले. दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांच्या एकत्रीकरणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल २०१२ च्या प्रारंभी आला, तरी त्याच वर्षी पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवसांचे आंदोलन केले. वादाचे मूळ ड्रीमलायनर या बोइंगच्या नव्या मोठ्या विमानाच्या प्रशिक्षणात होते: ते दुसऱ्या गटाला मिळाले तर आपली बढती लांबणार, ही त्यांची भीती होती. विस्तारा ही विमान कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. त्याच्या काही महिने आधी नव्या वेतनरचनेत हमीचे तास, म्हणजे उड्डाण कमी झाले तरी ज्यांचा पगार मिळतोच ते महिन्याचे तास, ७० वरून ४० वर आल्याने विस्ताराच्या वैमानिकांत असंतोष पसरला आणि एप्रिलमध्ये अनेक उड्डाणे रद्द करावी लागली. निवृत्तीचे वयही तेव्हा एअर इंडियात ५८ आणि विस्तारात ६० होते. वरचा माणूस दोन वर्षे अधिक थांबला तर खालच्याचे काय होते, हे चिठ्ठ्यांचा खेळ झाल्यामुळे मुलांना वेगळे सांगावे लागले नाही. नागपूरच्या मिहान प्रकल्पाचाही उल्लेख झाला. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, पण मिहानमधील विमानदुरुस्तीचा कारखाना चालवणारी अभियांत्रिकी कंपनी विक्रीतून वगळून सरकारकडेच ठेवण्यात आली, म्हणजे त्याच विमानांवर काम करणारी माणसे एका कागदाने दोन मालकांची झाली.

दुसऱ्या दिवशी दर्जा घसरला. खर्च, वैद्यकीय तपासणी, २०० तासांचा व्यावसायिक परवाना ही माहिती ठीक होती, पण ती इतरत्रही मिळते. करारपत्राच्या सत्रात केंद्राच्या समुपदेशकांनी "विलीनीकरणात कोणाची नोकरी जात नाही, सेवाशर्तींना संरक्षण असते, निश्चिंत राहा" असे सांगून पुढची स्लाइड लावली. हे विधान अर्धेच खरे आहे. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे विलीनीकरणाची जी योजना मंजूर होते तिच्यात कर्मचाऱ्यांची सेवा अखंड राहील आणि शर्ती पूर्वीपेक्षा कमी अनुकूल नसतील, असे कलम सहसा असते. परंतु बढतीची शक्यता ही सेवाशर्त आहे काय, हा खरा प्रश्न आहे, आणि नागपूरकरांना तो नवा नसावा. १९५६ मध्ये हे शहर जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले तेव्हा येथील सरकारी कर्मचाऱ्यांच्या याद्याही मुंबईच्या याद्यांत मिसळल्या गेल्या. राज्य पुनर्रचनेतून उद्भवलेल्या अशा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने बढतीसाठी विचार होण्याचा हक्क सेवाशर्तीत धरला, बढतीची निव्वळ संधी मात्र धरली नाही. ते निकाल सरकारी सेवेतले आहेत, खासगी कराराला ते जसेच्या तसे लागतील असे म्हणणार नाही. पण पगार तोच ठेवून क्रमांक शंभराने खाली गेला तर कंपनीचा वकील काय युक्तिवाद करील, याचा अंदाज त्यांवरून येतो. अमेरिकेसारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय परवाने व सुरक्षितता पाहते, ज्येष्ठतेची यादी लावून देत नाही.

नाराज होऊन बाहेर पडावे म्हटले तर महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्ष आणि सहवैमानिकाला सहा महिने आधी सूचना द्यावी लागते. प्रशिक्षणाच्या बॉण्डची, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास कंपनीला भरावयाची, रक्कम त्याहून वेगळी. यातील एक अक्षरही पुस्तिकेत नाही. उलट भरती करणाऱ्या कंपन्यांच्या यादीत विस्ताराचे नाव अजून छापलेले आहे! आदल्या दिवशी कॅप्टनांनी ज्या विलीनीकरणावर तासभर घालवला, त्याची खबर पुस्तिका छापणाऱ्याला नसावी, हे पाच हजार रुपये घेणाऱ्यांना शोभत नाही.

आणखी एक आक्षेप आहे. रविवारी दुपारनंतर सगळा ओघ परदेशातील एका ठरावीक उड्डाण प्रशिक्षण संस्थेकडे वळवला गेला आणि अर्ज तेथेच भरून घेण्याची घाई झाली. गोंदियाजवळच्या बिरसी येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे, नागपूर फ्लाइंग क्लब आहे. त्यांच्या वाट्याला मिळून दोन वाक्ये आली. मी मध्यस्थीच्या मोबदल्याविषयी विचारले असता उत्तर गोलमोल मिळाले. ज्या पालकांना घर किंवा शेत गहाण ठेवून कर्ज काढायचे आहे, त्यांनी त्या दिवशी कशावरही सही करू नये.

कंपनीच्या करारपत्राचा नमुना मागितला असता तो ईमेलने पाठवू असे सांगण्यात आले, तो आलेला नाही. कॅप्टनांचे सत्र तेवढे घेण्याची सोय आहे का, याचीही चौकशी केली. तशी सोय नाही, पूर्ण शुल्कच भरावे लागते. तरीही ज्यांचे मूल या क्षेत्रात जाण्याचे पक्के करून बसले आहे त्यांनी पहिल्या दिवसासाठी ते भरावे, आणि रविवारी मुलांना घरी ठेवून कॅप्टनांनी फळ्यावर लिहून दिलेले प्रश्न घेऊन एकट्या पालकानेच जावे: यादी कोणत्या निकषावर लागते, विलीनीकरण झाल्यास वाद कोणापुढे जाईल, आणि बॉण्ड नव्या मालकाकडेही लागू राहतो का.