संमती कागदावर घ्यावी की टॅबवर?

घरोघरी आरोग्याचा सर्व्हे करायचा ठरला की, भाग घेणाऱ्याची लेखी संमती कशावर घ्यायची, हा वाद टीममध्ये होतोच. नागपूर आणि कामठीकडच्या वस्त्यांत मी बीपी-शुगरच्या सर्व्हेसाठी दोन्ही वापरून पाहिलंय. एथिक्स कमिटीची (संशोधनात माणसांचं हित जपलं जातंय ना, हे तपासणारी समिती) मान्यता असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांना दोन्ही चालतात, तेव्हा नियमाकडे बोट दाखवून हा वाद मिटत नाही.

टॅबचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. माहितीपत्रक, म्हणजे सर्व्हे कशासाठी आणि भाग घेणाऱ्याचे हक्क काय हे सांगणारा मजकूर, रेकॉर्ड केलेल्या आवाजात ऐकवता येतं. सकाळच्या पहिल्या घरी मी शब्दन्‌शब्द वाचतो. आठव्या घरी, टिनाच्या छपराखाली घाम पुसत, ‘मधेच नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारावर परिणाम होणार नाही’ हे वाक्य मी गिळलेलं आहे. रेकॉर्डिंग ते गिळत नाही. शिवाय तारीख आपोआप पडते आणि संध्याकाळी गठ्ठे मोजावे लागत नाहीत.

कागदाचा जाच सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला खरा जाच अंगठ्याचा. “काहून रे बाबू, अंगठा कायले लागते? घर तं नाही ना जात माह्यं?” असं एका आजींनी विचारलं, तेव्हा मला हसू आलं नाही. कोऱ्या-अर्ध्या कागदावर अंगठा देऊन काय काय गेलंय, हे त्या पिढीला माहीत आहे. वाचता न येणाऱ्यासाठी टीमबाहेरचा साक्षर साक्षीदार लागतो; भर दुपारी असं माणूस शोधणं म्हणजे वैताग. पण तो टॅबवर काही सुटत नाही.

मग टॅब का सोडला? बोटामुळे. विड्या वळून वळून बोटं झिजलेल्या एक काकू. रेकॉर्डिंग शांतपणे ऐकलं, हो म्हणाल्या, नाव लिहिता येतं म्हणाल्या. स्क्रीनवर बोट फिरवलं, काहीच उमटेना. पदराला पुसून पुन्हा, तरी अर्धीच रेघ. तिसऱ्या वेळी माझ्या सोबत्याने सवयीने त्यांचं बोट धरलं आणि सही ‘करवून’ घेतली. सॉफ्टवेअरने हिरवी खूण दाखवली. मी मात्र बघत राहिलो: मर्जीचा पुरावा म्हणून घ्यायची ती सही, आणि हात आमचा! एकदाच झालं असतं तर विसरलो असतो. पण त्यानंतर लक्ष ठेवलं, तर वयस्कर, कष्टाच्या हातांच्या बाबतीत हे वारंवार दिसलं. माझ्याकडे आकडे नाहीत, तुमच्याकडे टॅब चांगला असेल तर अनुभव वेगळाही येईल.

दुसरं, प्रत. कागदाची एक प्रत घरात राहते, रेशनकार्डाच्या पिशवीत जाते. एकदा रात्री एका मुलाने तीच वाचून खालच्या नंबरवर फोन केला, “आईचं नाव काढा.” काढलं. टॅबवर आमची प्रत लिंकने मोबाइलवर जायची. मोबाइल मुलाजवळ, मुलगा कामावर आणि अनोळखी लिंक उघडू नको हे आपणच त्यांना शिकवलेलं.

कॉलेजातल्या पोरांचा किंवा ऑफिसवाल्यांचा सर्व्हे असेल तर टॅब खुशाल घ्या. वस्तीत जाणार असाल तर मी सध्या असं करतो: माहिती मोबाइलवर ऐकवतो, सही किंवा अंगठा कागदावर घेतो. स्टॅम्पपॅड मात्र दोन ठेवा. मे महिन्यात एक दुपारपर्यंत सुकून जातं.