स्टुडिओ सोडल्यावरचे पहिले वर्ष आणि घरचा टेलिप्रॉम्प्टर

वृत्तवाहिनीतील सायंकाळच्या बातमीपत्राचे निवेदन सोडून स्वतःचे ऑनलाइन बातमीपत्र सुरू करून मला नुकतेच एक वर्ष झाले. या बदलाच्या काळात मी सर्वांत आधी विकत घेतलेली आणि रोज वापरलेली वस्तू म्हणजे ट्रायपॉडवर बसणारा छोटा टेलिप्रॉम्प्टर, कॅमेऱ्याकडे पाहतच संहिता वाचू देणारे यंत्र. स्टुडिओतून बाहेर पडू पाहणाऱ्या निवेदकांना उपयोग व्हावा म्हणून वर्षभराचा अनुभव लिहीत आहे.

यंत्राची काच उत्तम आहे. टॅबलेट खाली आडवा ठेवला की त्यावरची उलटी अक्षरे ४५ अंशांत बसवलेल्या काचेत सुलट दिसतात आणि कॅमेरा त्याच काचेतून आपल्याला टिपतो. सुमारे ७० टक्के प्रकाश आरपार जातो, त्यामुळे चित्र किंचित काळवंडते. अ‍ॅपर्चर (कॅमेऱ्यात प्रकाश घेणारे छिद्र) अर्धा स्टॉप, म्हणजे किंचित, उघडले की ते भरून निघते. मागचे काळे कापड मात्र एका बाजूला आखूड पडते. दुपारी खिडकीतला उजेड त्या फटीतून काचेवर पांढरा पट्टा उमटवत असे, तेव्हा मी काळ्या कापडाची चार बोटे रुंद पट्टी शिवून जोडली.

नजरेचा प्रश्न याहून अवघड आहे. खोली लहान म्हणून सुरुवातीला कॅमेरा जवळ ठेवला, तर डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना स्पष्ट दिसत. दोन मीटर मागे नेऊन अक्षर मोठे केल्यावर हा दोष गेला, पण काचेवर जेमतेम पाच ओळी आणि एका ओळीत चार शब्द एवढेच मावू लागले. वाक्याचा शेवट दिसत नसेल तर आवाज कुठे उतरवायचा हे कळत नाही. म्हणून मी संहिताच नव्याने, आखूड वाक्यांत लिहायला शिकले.

सर्वांत जास्त उणीव जाणवली ती ऑपरेटरची. १९५० च्या सुमारास अमेरिकेत हे यंत्र वापरात आले तेव्हाही पडद्याआडचा माणूसच बोलणाऱ्याच्या गतीने कागदाची गुंडाळी सरकवत असे. आमच्या पीसीआरमधले, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षातले, ऑपरेटर माझ्या श्वासावरून ओळ थांबवत. टॉकबॅकवर, म्हणजे कानातल्या यंत्रातून, कार्यक्रमाच्या निर्मात्याने ‘ही बातमी सोडा, ब्रेकिंगवर या’ म्हणेपर्यंत त्यांनी मजकूर तिथे आणून ठेवलेला असे. इतकी वर्षे मी ज्याला माझी लय समजत होते, ती निम्मी त्यांच्या हातात होती, हे मला घरी एकटीने वाचताना कळले. या यंत्रातील आवाज ओळखून मजकूर सरकवणारी सोय मराठी नावे आणि आकडे आले की जागा चुकते. पंधरा दिवसांत मी ती बंद केली. पायाने दाबायचे पेडल मात्र खरोखर कामाचे आहे. पाय सरावायला तीन महिने लागले. आता एखाद्या मृत्यूच्या बातमीनंतर हवा तेवढा विराम मी स्वतः घेऊ शकते.

सोबतच्या ॲपविषयी माझी तक्रार गंभीर आहे. जुन्या पद्धतीने टंकलेली संहिता त्यात घेतली की ‘र’चे चंद्रकोरीसारखे अर्धे रूप नाहीसे होते आणि ‘शेतकऱ्यांना’ऐवजी ‘शेतकर्यांना’ दिसते. तो शब्द सवयीने बरोबर वाचला जातो. पण एका थेट प्रक्षेपणात ‘दऱ्यांमध्ये’ हा शब्द ‘दर्यांमध्ये’ असा समोर आला आणि डोंगराळ भागातील शोधकार्याची बातमी मी चक्क समुद्रात नेऊन ठेवली. त्याच प्रक्षेपणात दुरुस्ती सांगून क्षमा मागितली. बेपत्ता माणसांचे नातेवाईक ऐकत असताना झालेली ती चूक मला आजही बोचते. मी ॲपच्या निर्मात्यांना छायाचित्रांसह दोनदा कळवले. उत्तर आले, सुधारणा आलेली नाही. तोवर मी संहिता दुसऱ्या ॲपमध्ये घेते आणि प्रत्येक जोडाक्षर काचेवरच एकदा तपासते.

ध्वनिमुद्रित बातमीपत्रासाठी हे यंत्र मी निःशंकपणे सुचवीन, मात्र पेडल सोबतच घ्यावे. थेट प्रक्षेपण करायचे असेल आणि मदतीला एखादी व्यक्ती मिळत असेल, तर पेडल तिच्या हाती द्यावे. गेल्या महिन्यापासून माझी भाची शेजारच्या स्टुलावर बसून ते हाताने दाबते, आणि मला पुन्हा वाक्याच्या मध्यावर मान वर करून बोलता येऊ लागले आहे.